घराआधी नकाशा



व्यापारी माणूस खरेदीत सहसा फसत नाही, असा आपला लौकिक आहे. मालाचा भाव चार ठिकाणी विचारावा, वजन स्वतः पाहावे, पावती वाचूनच पैसे मोजावेत, ही शिस्त आपल्या घरांत लहानपणापासून अंगी बाणलेली असते. परंतु हाच चोखंदळ माणूस घर बांधावयास निघाला की एका बाबतीत ही शिस्त पार विसरतो. ओळखीच्या कोणाला तरी बोलावून तो म्हणतो, “नकाशाचे तेवढे तुम्ही बघा, खर्च काय होईल तो सांगा.” कोणता नकाशा, कोणत्या कार्यालयाचा, त्याचे सरकारी शुल्क किती आणि मध्यस्थाची मजुरी किती, यांपैकी एकही प्रश्न तो विचारत नाही. पुढे एकरकमी आकडा पुढे येतो, तो निमूटपणे दिला जातो, आणि सहा महिन्यांनी कळते की आणलेला नकाशा परवानगीसाठी चालतच नाही.

आयुष्याची बरीच वर्षे बँकेत गृहकर्जाच्या फायली तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. नकाशा ही महाग वस्तू नाही. योग्य नावाने, योग्य खिडकीवर आणि योग्य वेळी मागितला तर तो घराच्या एकूण खर्चात नगण्य ठरतो. महाग पडतो तो चुकीचा नकाशा, आणि त्याहून महाग पडते ती नकाशाआधी उभी राहिलेली भिंत. या सदरात यापूर्वी मृत्युपत्र आणि वारसनोंद यांविषयी लिहिले होते. त्याच मालिकेतील ही पुढची पायरी समजावी.

एका शब्दाचे पाच अर्थ

‘नकाशा’ हा एकच शब्द आपण पाच निरनिराळ्या कागदांसाठी वापरतो. गोंधळाचे मूळ येथेच आहे.

पहिला, भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा किंवा गट नकाशा. गावातील सर्व भूखंड एकमेकांना लागून कसे आहेत, हे तो दाखवतो. जेथे नगर भूमापन म्हणजे सिटी सर्व्हे झाला आहे, तेथे हीच माहिती सिटी सर्व्हेच्या नकाशात असते, आणि सातबाराऐवजी मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड हा मालकीचा उतारा असतो.

दुसरा, मोजणी नकाशा. खात्याचा भूकरमापक प्रत्यक्ष जागेवर येऊन, लगतच्या धारकांना नोटीस देऊन, हद्दी मोजून जो नकाशा तयार करतो त्याची अर्जदाराला मिळणारी प्रत व्यवहारात ‘क प्रत’ म्हणून ओळखली जाते. बांधकाम परवानगीच्या दृष्टीने जागेचा खरा पाया हाच.

तिसरा, स्थळदर्शक नकाशा. आपली जागा कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ठळक खुणांजवळ आहे, एवढेच तो सांगतो. चौथा, जागेचा आराखडा, ज्याला अभियंते साइट प्लॅन म्हणतात. भूखंडाच्या बाजूंची लांबी, उत्तर दिशा, रस्त्याची रुंदी, विहीर, गटार, झाडे, जुने बांधकाम आणि नवे बांधकाम यांची जागा त्यात प्रमाणबद्ध दाखवावी लागते. पाचवा, प्रत्यक्ष इमारतीचा नकाशा, म्हणजे मजले, खोल्या, जिना, उंची.

पहिले दोन सरकारी कार्यालयातून मिळतात. उरलेले तीन वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता काढतो. पहिल्या दोहोंशिवाय पुढील तिघांना आधार नाही. पुष्कळ घरांत क्रम उलटा होतो. दिवाणखाना कोठे आणि देवघर कोठे, यावर महिनाभर चर्चा चालते, पण ज्या जमिनीवर ते उभे राहायचे तिची लांबी-रुंदी कोणी मोजलेलीच नसते. खरेदीखतात लिहिलेले क्षेत्र एक, उताऱ्यावरचे दुसरे आणि जागेवरचे तिसरे, असे मोजणीअंती निघाले की साराच आराखडा पुन्हा काढावा लागतो आणि अभियंत्याचे शुल्क दुप्पट होते.

जुना नकाशा का पुरत नाही

“आजोबांच्या पेटीत नकाशा आहे, तोच देऊ,” असे अनेक जण म्हणतात. तो कागद जपून ठेवावाच, परंतु त्याचा हेतू समजून घ्यावा. आपल्याकडील शास्त्रशुद्ध जमीन मोजणीचा प्रारंभ इंग्रजी अमदानीत इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास झाला. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. त्यासाठी वापरलेली साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणून गुंठ्याचे क्षेत्र ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट भरते. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज आपण दुकानाच्या ओट्यावर बसून ‘दीड गुंठ्याची जागा’ म्हणतो, तेव्हा त्या साखळीचाच हिशेब बोलत असतो.

ती मोजणी शेतसारा ठरवण्यासाठी होती, घराच्या भिंतीसाठी नव्हे. साधे गणित पाहा. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. पेन्सिलीची रेघ जरा जाड झाली तरी बोळाची रुंदी त्या रेघेतच बुडून जाते. १:५०० प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. घरासाठी लागणारा बारकावा येथून पुढे सुरू होतो. म्हणून गाव नकाशा आपली जागा ओळखण्यासाठी उपयोगी, पण हद्द ठरवण्यासाठी मोजणीच हवी. मोबाइलवरील उपग्रहचित्रात आपले छप्पर स्पष्ट दिसते, त्यामुळे तेच छापून द्यावे असे तरुण पिढीला वाटते. त्या चित्रात छप्पर दिसते, मालकीची रेषा दिसत नाही.

अष्टमीतील पहिला प्रश्न

नकाशा मागण्यापूर्वी आपली जागा कोणाच्या हद्दीत आहे, हे निश्चित करावे. रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची गावे एकाच नगरपरिषदेत आहेत. बाजारपेठेतील जुने घर असेल, खाली पेढी व वर बिऱ्हाड अशी रचना असेल, तर अर्ज नगरपरिषदेकडे जाईल. परंतु वस्ती वाढत आता वरसे गावाच्या बाजूस पोचली आहे, तो भाग ग्रामपंचायतीचा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील भूखंडाचा कारभार औद्योगिक विकास महामंडळाकडे. पेण तालुक्याचा काही भाग मुंबई महानगर प्रदेशात मोडतो, त्यामुळे पेणकडे जागा घेतलेल्या कुटुंबांनी रोह्याचा नियम तेथे लागू होईल असे गृहीत धरू नये. दोन जागांमध्ये वीस-पंचवीस मैलांचे अंतर, पण परवानगी देणारे प्राधिकरण निराळे असू शकते.

दुसरा प्रश्न नदीचा. कुंडलिकेला सह्याद्रीच्या पावसाचे पाणी तर येतेच, शिवाय मुळशी धरणाचे पाणीही भिरा येथील वीजगृहातून तिच्यात उतरते. खाली रेवदंड्याजवळ ती समुद्राला मिळते. नदीकाठच्या जागेसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा पाहाव्या लागतात. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामास सर्वसाधारणपणे मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बंधने असतात, आणि जोते लाल पूररेषेच्या पातळीहून उंच घ्यावे लागते. भरतीचे पाणी ज्या भागापर्यंत चढते तेथे किनारा नियमन क्षेत्राचा नकाशाही तपासावा लागतो. म्हणून नदीजवळच्या जागेचा बयाणा देण्यापूर्वीच विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागवावा. हे दोन कागद अल्प शुल्कात मिळतात. त्यांच्या अभावी घेतलेली जागा मात्र जन्मभर मोकळीच राहू शकते.

खर्चाचा हिशेब

आता पैशाकडे वळू. प्रथम जे घरबसल्या होते ते घरबसल्या करावे. राज्य शासनाच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडून गट क्रमांक टाकला की त्या गटाचा नकाशा व लगतचे गट पाहता येतात. त्यास शुल्क नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, आणि तलाठ्याची सही नसली तरी तो शासकीय कामासाठी ग्राह्य आहे. मिळकत पत्रिकाही त्याच पद्धतीने ऑनलाइन मिळते. जुने फेरफार आणि इतर अभिलेख अनेक ठिकाणी स्कॅन करून ठेवलेले आहेत. जे ऑनलाइन सापडत नाही त्याच्या नकलेसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात साधा अर्ज करावा. टिपण, फाळणी, एकत्रीकरणाचा नकाशा, सिटी सर्व्हेचा नकाशा आणि चौकशी नोंदवहीचा उतारा ही नावे अर्जात नीट लिहावीत. ‘जागेचे सर्व कागद द्यावेत’ असा मोघम अर्ज केला तर उत्तरही मोघमच येते.

यानंतर मोजणीचा अर्ज. तो आता ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांनुसार मोजणीचे दोनच प्रकार उरले आहेत, नियमित आणि द्रुतगती. नगरपालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंतच्या जागेस नियमित मोजणीचे शुल्क तीन हजार रुपये आणि द्रुतगतीचे बारा हजार. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत अनुक्रमे दोन हजार आणि आठ हजार. अर्ज करताना त्या दिवशीचा दर प्रणालीवरच पाहून घ्यावा. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की घाई केली तर चौपट पैसे पडतात. सहा महिने आधी विचार करणाऱ्यास जे काम तीन हजारांत होते, तेच ऐनवेळी धावणाऱ्यास बारा हजारांत पडते. यातला फरक कोणी मध्यस्थ खात नाही, तो आपल्या आळसाचा दंड आहे.

मोजणीच्या अर्जात लगतच्या धारकांची नावे व पत्ते अचूक द्यावेत. त्यांना नोटीस पोचली नाही तर मोजणी झाल्यावरही हरकत उभी राहते. मोजणीच्या दिवशी स्वतः किंवा घरातील जाणत्या व्यक्तीने उपस्थित राहावे. हद्दीच्या खुणा दाखवल्या जातील तेथे लगेच पक्के दगड रोवून घ्यावेत आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. आज मोजणी रोव्हर यंत्राने होते. उपग्रहाच्या आधारे प्रत्येक कोपऱ्याचे स्थान निश्चित होते, त्यामुळे उद्या दगड उपटला गेला तरी जागा पुन्हा शोधता येते. मोजणी मान्य नसेल तर शेजाऱ्याशी भांडत बसू नये. निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागण्याची सोय आहे.

जागा मंजूर रेखांकनातील भूखंड असेल, तर त्या रेखांकनाची मंजूर प्रत बिल्डरकडून नव्हे, मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून घ्यावी. भूखंडाचा क्रमांक, क्षेत्र आणि रस्त्याची रुंदी तिच्यावरून ताडून पाहावी. गावठाणातील ज्या घरांना सातबाराच नव्हता, त्यांच्यासाठीही आता मार्ग निघाला आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना देशभर सुरू केली. आपल्या मूळ गावी घर असेल तर तेथील मिळकत पत्रिका तयार झाली आहे काय, हे ग्रामपंचायतीत विचारावे. परगावी व्यापारासाठी स्थायिक झालेल्या कुटुंबांचे याकडे दुर्लक्ष होते, आणि मोजणीच्या वेळी घर बंद असल्याने नाव चुकते.

लहान घरास मोठी सवलत

महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई, औद्योगिक वसाहती अशी काही क्षेत्रे वगळता बहुतेक नगरपालिका व ग्रामीण भागास एकच नियमपुस्तक मिळाले. तिच्यात लहान भूखंडधारकांसाठी मोठी सोय आहे. सुमारे दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे जवळपास दीड गुंठ्याच्या भूखंडावर नियमात बसणारे घर बांधायचे असेल, तर परवान्याची वाट पाहावी लागत नाही. परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचे नकाशे व मालकीचे कागद सादर करावयाचे, शुल्क भरावयाचे, आणि ती पोच म्हणजेच परवानगी. तीनशे चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळपास तीन गुंठ्यांपर्यंत, दहा दिवसांत निर्णय देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायत हद्दीतील लहान घरांसाठीही याच धर्तीवर सवलती दिल्या गेल्या.

मात्र या सवलतीचा अर्थ पुष्कळांनी चुकीचा घेतला आहे. ‘दीड गुंठ्यापर्यंत नकाशा लागत नाही’ असे बाजारात बोलले जाते. ते खरे नाही. येथे कार्यालयाची तपासणी कमी झाली आहे, नकाशाची गरज कमी झालेली नाही. उलट जबाबदारी मालकाच्या आणि सही करणाऱ्या तज्ज्ञाच्या शिरावर आली आहे. पूर्वी चूक कार्यालयातच सापडत असे आणि कागदावर दुरुस्त होत असे. आता ती भिंत उभी राहिल्यावर सापडते. म्हणून लहान घरालाच अचूक मोजणीची अधिक गरज आहे.

तज्ज्ञाची निवड करताना त्याच्याकडे वेगवेगळ्या शीर्षकांचे अंदाजपत्रक मागावे. सरकारी शुल्क किती, आराखड्याचे शुल्क किती, इमारतीच्या नकाशाचे किती, अर्ज भरण्याचे व पाठपुराव्याचे किती. सरकारी शुल्काची पावती आपल्या नावाची असावी आणि ऑनलाइन अर्जातील मोबाइल क्रमांक आपला असावा. मध्यस्थाचा क्रमांक दिला की पुढील प्रत्येक संदेश त्याच्याकडे जातो आणि आपल्याला आपल्याच फायलीची बातमी त्याला विचारावी लागते. परवाना क्रमांक आणि त्याची मुदत विचारण्यात संकोच बाळगू नये. नव्या ग्राहकाला आपण जीएसटी क्रमांक विचारतोच की नाही?

लाल रेषेची गोष्ट

लेस्टर किंवा लंडन येथे आपले आप्त आहेत, त्यांना हा प्रश्न विचारून पाहा. इंग्लंडमध्ये घराला मागील बाजूस एक खोली वाढवायची तरी नियोजन परवानगीच्या अर्जासोबत स्थळदर्शक नकाशा जोडावा लागतो. साधारणतः तो १:१२५० किंवा १:२५०० प्रमाणाचा असतो. ज्या जागेसाठी अर्ज आहे तिच्याभोवती लाल रेषा आणि अर्जदाराची लगतची दुसरी जागा असल्यास तिच्याभोवती निळी रेषा काढावयाची असते. मूळ नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या १७९१ पासून चालत आलेल्या संस्थेचा. अधिकृत विक्रेत्यांकडून तो काही पौंडांत विकत मिळतो, म्हणून तेथील लोकही भाव पाहून घेतात.

या दोन पद्धतींत एक भेद आहे. तेथील नकाशावरची कुंपणाची रेघ म्हणजे मालकीची अचूक हद्द, असे सामान्यतः मानले जात नाही. आपल्याकडे मोजणी नकाशा शासनाचे खाते हद्द दाखवून देते. अवघ्या तीन हजार रुपयांत हद्दीचा शासकीय पुरावा मिळणे, ही सोय अनेक प्रगत देशांतील नागरिकांनाही इतक्या सहज उपलब्ध नाही. तिचा लाभ आपण घेत नाही, याचे नवल वाटते.

नकाशावर कोणाचे नाव

आता सर्वांत नाजूक मुद्दा. बँकेत फाईल अडते ती क्वचितच नकाशाच्या रेषांमुळे. बहुधा ती अडते नकाशाखालच्या नावांमुळे. आपल्या घरांत पेढी एक, चूल एक आणि मिळकत आजोबांच्या नावावर, अशी स्थिती दोन-दोन पिढ्या चालते. एकोपा असेपर्यंत त्यात कोणाला काही खटकत नाही. एक भाऊ वरचा मजला बांधावयास निघतो तेव्हा प्रथमच उतारा हाती घेतला जातो. त्यावर दिवंगत आजोबा, दिवंगत काका आणि अन्य चार नावे असतात. अर्जावर सर्व सहधारकांची संमती लागते, आणि तेव्हा बहिणींची आठवण होते.

येथे कायदा स्पष्ट आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितले की, त्या तारखेस वडील हयात नसले तरीही मुलीचा हा हक्क बाधित होत नाही. तेव्हा लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही ‘नुसती औपचारिकता’ म्हणून मागू नये. राखी पौर्णिमेला येईल तेव्हा मिठाईच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र पुढे करणे शोभत नाही. तिला मोजणी नकाशाची प्रत आधी पाठवावी, तिचा हिस्सा किती चौरस फूट होतो ते स्वच्छ सांगावे, आणि ती हिस्सा ठेवो वा सोडो, निर्णय तिचा आहे हे मान्य करावे. तिने हक्क सोडलाच तर तो नोंदणीकृत दस्ताने सोडलेला असावा. साध्या कागदावरील सही पुढील पिढीच्या भांडणाचे बीज ठरते.

मिळकत हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर आणि बांधकामाचा खर्च एका भावाच्या वैयक्तिक खात्यातून, असा प्रकारही आढळतो. पुढे ‘जमीन सर्वांची, इमारत माझी’ असा वाद उभा राहतो. खर्च कोणाचा आणि मालकी कोणाची, हे बांधकामापूर्वी लिहून ठेवावे. वाटणी करावयाची असेल तर ती नकाशावर रेघ ओढून न होता, नोंदणीकृत वाटणीपत्र आणि त्यानुसार हिश्श्यांची मोजणी या क्रमाने व्हावी.

सामाईक सातबाऱ्यातील एक-दोन गुंठे विकत घेणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे स्वतंत्र भूखंड मिळाला, असे नव्हे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. त्यात वेळोवेळी बदल झाले, काही सवलतीही मिळाल्या, तरी मूळ अडचण कायम राहते. ज्याची हद्द कोणत्याही मंजूर नकाशात नाही, त्याची स्वतंत्र मोजणी होत नाही. मोजणी नाही म्हणून परवानगी नाही, आणि परवानगी नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. विक्रेत्याने हाताने काढून दिलेला रंगीत नकाशा कितीही देखणा असला तरी त्याचे मोल कागदाइतकेच.

बँकेचा मूल्यांकनकार जागेवर येतो तेव्हा तो चार गोष्टी ताडून पाहतो. खरेदीखतातील चतुःसीमा, उताऱ्यावरील क्षेत्र, मोजणी नकाशातील क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताबा. चारही जुळले तर कर्जाचे काम सुरळीत होते. क्षेत्रांत तफावत असेल तर सामान्यतः सर्वांत कमी क्षेत्र धरले जाते. कर्जाची रक्कम त्यावर ठरते, मग आपल्या मनातील घर कितीही मोठे असो.

वर्षाचे वेळापत्रक

कोकणात पावसाळ्यात शेतात भात उभे असते, बांध पाण्याखाली असतात, मोजणीचे काम मंदावते. आपल्या घरांतही चातुर्मासात बांधकामाचा मुहूर्त धरण्याचा प्रघात नाही. हा काळ कागदांसाठी वापरावा. आषाढात उतारे आणि जुन्या नकला काढाव्यात. श्रावण-भाद्रपदात वारसनोंदी, संमती आणि बहीण-भावांची बोलणी पूर्ण करावीत. आश्विनात मोजणीचा अर्ज भरावा. दिवाळीत वहीपूजन होईल, कार्तिकी पौर्णिमा उलटेल, जमीन सुकेल, तोवर आपला क्रमांक येण्याच्या बेतात असेल. क प्रत हाती आल्यावरच अभियंत्यास आराखडा काढावयास सांगावे. थंडी सरता सरता परवानगीची पोच मिळू शकते, आणि पुढच्या पावसाआधी जोते भरून होते.

हा सर्व खर्च एका कागदावर मांडून पाहिला तर उतारे, नकला आणि नियमित मोजणी यांचे सरकारी शुल्क सामान्य घरासाठी चार-पाच हजार रुपयांच्या आसपास बसते. एवढ्यात आजकाल चार दरवाजांच्या बिजागऱ्या आणि कड्याही येत नाहीत. तज्ज्ञाचे शुल्क वेगळे, आणि ते त्याच्या श्रमाचे मोल म्हणून आनंदाने द्यावे.

शेवटी एक विनंती. मोजणी नकाशा, मंजूर आराखडा आणि उतारा यांच्या प्रती तिजोरीत कुलूपबंद करून ठेवू नयेत. प्रत्येक भावास आणि प्रत्येक बहिणीस एकेक संच द्यावा, आणि घरातील सर्वांत धाकट्या सज्ञान मुलास तो वाचावयास शिकवावा. व्यवहाराची वही जशी पुढच्या पिढीच्या हाती देतो, तसाच जागेचा नकाशाही द्यावा.